अजून तीन ठोकळे

"हे हापिसचं काम व्हय?"

मागून आवाज आला आणि माझा माउसवरचा हात तिथेच थांबला. दुपारचे दोन वाजले होते. तात्या, म्हणजे माझे सासरे, झोपेतून उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात चालले असणार. वाटेत जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून बसलेली. पडद्यावर चौकोनी दगड, चौकोनी झाडं आणि हातात निळी कुदळ घेतलेली एक चौकोनी बाई.

लग्नाला चार महिने झाले होते. पुण्याच्या एका कंपनीचं वेबसाईटचं काम मी विट्याच्या घरी बसून करायची, आणि त्या रविवारी "तातडीचं काम आलंय" असं तोंड वर करून सांगून मी निंबवाडीच्या लग्नाला जायचं टाळलं होतं. लग्न गजरा आत्यांच्या घरचं, त्यांच्या दिराच्या मुलीचं. गजरा आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. माझा नवरा संग्राम आणि सासूबाई सकाळीच गेले. तात्या मात्र गेले नाहीत. का, ते मी विचारलं नाही. चार महिन्यांत मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. ते 'चहा' म्हणायचे, मी चहा द्यायची, एवढंच आमचं बोलणं.

"नाही तात्या," मी म्हटलं. खोटं पचणार नव्हतंच. "खेळ आहे."

"कसला?"

"दगड फोडायचा."

तात्यांनी चष्मा लावला. या माणसानं तीस वर्षं विहिरी खोदल्या होत्या. विटा, खानापूर, आटपाडी, जिथे जावं तिथे कुणीतरी सांगायचं की आमची विहीर तुमच्या तात्यांनी पाडलेली. दगड वर ओढायची यारी, सुरुंग, पहारी आणि वीस माणसांची टोळी घेऊन ते दुष्काळात गावोगाव हिंडले होते. त्यांच्यासमोर 'दगड फोडते' म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, कोण आलंय?" टेबलावरचा फोन बोलला. मी स्पीकर बंद करायला विसरले होते.

"माझी बहीण, धनू," मी म्हटलं. आता सगळंच सांगून टाकावं असं वाटलं. "आज जहाजावर जाणार आहे ती. पहिली नोकरी. चार वाजता न्यायला गाडी येईल, मग नऊ महिने तिला खेळण्याइतकं इंटरनेट मिळणार नाही. हे जग आम्ही दोघींनी मिळून बांधलंय. नऊ वर्षं झाली. इथे एक दरवाजा बांधायचा राहिलाय. दोघींपैकी कुणीतरी घर सोडायच्या आत तो बांधायचा आणि एकत्र पलीकडच्या जगात जायचं, असं ठरलं होतं. माझं लग्नच आधी झालं."

"मग बांधा की. अडलंय कुठं?"

"त्याला दहा काळे दगड लागतात. या खेळातला सगळ्यात कठीण दगड. सहा आहेत, चार हवेत."

'सगळ्यात कठीण दगड' हे ऐकलं आणि तात्यांनी खुर्ची ओढली. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

"दाव बगू."

मी दाखवलं. जमिनीखाली खोल एक लाव्हाचं तळं होतं. लाव्हावर बादलीभर पाणी ओतलं की वरचा थर थिजून काळा दगड होतो. खेळात त्याला ऑब्सिडियन म्हणतात. तो फक्त हिऱ्याच्या कुदळीनंच हाती लागतो. लोखंडी कुदळीनं तासभर ठोकलं तरी शेवटी भुगाच होतो. हिऱ्याची कुदळ आमच्याकडे एकच होती आणि ती पडद्यावरच्या त्या बाईच्या हातात होती.

"काळवत्री," तात्या म्हणाले.

"काय?"

"ह्यो दगड. आमी काळवत्री म्हंतो. पहार मारली की ठिणगी पडती आन् पहारच बोथट हुती." त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. "आन् तू ज्या दगडावर हुबी हायस त्योच फोडाय निघालीस व्हय? पायाखालचं कंदी खणू नये. बाजूला हो."

मी बाजूला झाले. बरोबर होतं त्यांचं. हा नियम खेळातसुद्धा आहे.

"ताई, हे कोण शिकवतंय?" धनूनं विचारलं. ती तिच्या लॅपटॉपवरून त्याच जगातल्या एका टेकडीवर दरवाजाची चौकट लावत होती.

"तात्या आहेत."

फोनवरून हळूच आवाज आला, "नमस्कार तात्या."

"नमस्कार पोरी. आता गप ऱ्हा, आमी कामात हाय."

एक दगड निघाला. दहा सेकंद माउस दाबून धरायचा, मग टप्पकन ठोकळा सुटतो आणि आपल्या पिशवीत येतो. तात्यांचा चेहरा मात्र काही पटल्यासारखा दिसेना. काळ्या दगडांवरून पाण्याचा पातळ थर वाहत होता, त्याकडे ते नाक मुरडून बघत होते.

"हे पाणी कशाला ठेवलंयस?"

"असू द्यावं लागतं तात्या."

"कोण म्हनलं? पाण्यात हुबं ऱ्हाऊन कोण दगड फोडतं? आधी उपसा. दगडाला हात लावायच्या आधी पाणी उपसायचं, तळ कोरडा करायचा, मग पहार. तीस वर्सं हेच केलंय. उपसा न करता सुरुंग भरला तर काय हुतं, इचार माझ्या टोळीला."

"ताई," फोन ओरडला, "पाणी काढू नकोस हं. अजिबात नको."

मला माहीत होतं. त्या दगडाच्या खाली लाव्हाचा आणखी एक थर असतो. वर पाणी वाहत असलं की दगड निघाल्याबरोबर पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि खालची लाव्हासुद्धा थिजते. पाणी काढलं तर खाली उघडी आग. खेळ नुकता शिकलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं.

पण माझ्याशेजारी माझे सासरे बसले होते. चार महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्याजवळ बसले होते, आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. मी बादली घेतली आणि पाणी उचललं.

"आसं," तात्या म्हणाले. "आता कसं सुकं झालं. मार."

मी मारलं. दहा सेकंद. ठोकळा सुटला आणि सरळ खाली पडला. खाली लाल लाव्हा. 'फुस्स' असा आवाज आला. दगड वाचवायला मी सवयीनं एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच खड्ड्यात गेले. पडदा पेटला. चौकोनी बाई दोनदा विव्हळली, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर अक्षरं आली की तुम्ही मेलात.

कुदळ गेली. बादली गेली. पिशवीतला सातवा दगडही गेला. लाव्हात पडलेलं काही परत मिळत नाही.

"ताई," धनू म्हणाली, "सासऱ्याचं ऐकून मेलीस."

तात्या उठले. त्यांच्या खोलीत गेले. मी तिथेच बसून राहिले. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खेळासाठी होतं की तात्यांसाठी ते माझं मलाच कळेना. दोन पस्तीस झाले होते. धनूच्या गाडीला जेमतेम दीड तास, आणि हातात काही नाही. तिला सांगावं की राहू दे आता, आपण नुसतंच गप्पा मारू, असं मी ठरवलं.

तेवढ्यात तात्या परत आले. त्यांनी चेहऱ्यावर पाणी मारलं होतं आणि सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या.

"चूक माझी हाय," ते म्हणाले.

संग्राम सांगतो की हे वाक्य त्यानं जन्मात वडिलांच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी ऐकलं, पण साक्षीला फक्त फोन होता.

"आता नीट सांग. पाणी ठेवलं की काय हुतं?"

मी सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग मान हलवली. "म्हंजी हितं पाणी आपल्या बाजूनं हाय. बरं. नवी कुदळ कशी हुती?"

"तीन हिरे लागतात. पेटीत दोन आहेत. एक शोधावा लागेल, पण तात्या, एवढ्या वेळात नाही सापडणार. कधी दोन-दोन दिवस खोदूनही मिळत नाही. नवीन बोगदा पाडायचा म्हणजे…"

"नवीन कशाला? जुना न्हाई का? खणून सोडून दिलेला?"

मी विचार केला. एक होता. धनू नववीत होती तेव्हाचा. इस्लामपूरच्या घरी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आईची नजर चुकवून आम्ही तो खोदत होतो. खोल, लाव्हाच्याच पातळीवर, पण शंभरेक ठोकळे जाऊनही नुसता करडा दगड, म्हणून कंटाळून सोडला. धनूनं त्याच्या तोंडाशी पाटी लावली होती: 'इथे काही नाही.'

"तिथनंच पुढं," तात्या म्हणाले.

"पण तिथे काही नाही म्हणून तर सोडला होता."

"सोडला म्हंजी तिथं न्हाई आसं हुत न्हाई. दमला म्हणून सोडला. चल."

मी लोखंडी कुदळ घेतली आणि त्या बोगद्यात गेले. पाटी अजून होती. तात्यांनी मोठ्यानं वाचली आणि घशातल्या घशात काहीतरी म्हणाले. बोगद्याच्या शेवटी भिंत होती. खोदायला लागले. एक, दोन, चार, सात ठोकळे. सगळा करडा दगड. एका ठिकाणी वाळू निघाली.

"हितं मुरूम लागला," तात्या म्हणाले. "थर बदलतोय. मार."

बारा ठोकळे झाले. तीन वाजून गेले. धनू फोनवर बॅग भरत होती, मधूनच विचारत होती, "काही लागलं का?" विसाव्या ठोकळ्याला मी माउस सोडला.

"तात्या, पुरे. नाही मिळत."

ते खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले होते. आवाज आला तेव्हा तो नेहमीचा दरडावणीचा नव्हता.

"अजून तीन. माझं ऐक. फकस्त तीन."

मी एक फोडला, दगड. दुसरा फोडला, दगड. तिसरा फोडला, तोही दगड. पण तो निघाला आणि त्याच्या मागे भिंतीत निळे ठिपके चमकले.

"धनू," मी म्हटलं.

"काय? मिळाला? ताई, मिळाला?"

"चार आहेत," मी म्हटलं. "चार हिरे."

फोनमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला, बहुतेक बॅग. तात्यांनी मात्र नुसता श्वास सोडला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. त्यांच्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघत होते.

पुढचं काम आम्ही दोघांनी एखाद्या टोळीसारखं केलं. नवी कुदळ, नवी बादली. तळ्यावर पोचल्यावर तात्यांनी स्वतःच सांगितलं, "पाणी सोड. आन् ऱ्हाऊ दे." चार दगड निघाले. तीन बेचाळीसला मी टेकडीवर पोचले. धनूची चौकोनी बाई चौकटीपाशी उड्या मारत उभी होती. शेवटचा दगड तिनं लावला. चकमकीनं पेटवायचं काम माझ्याकडे दिलं. चौकटीत जांभळा प्रकाश भरला आणि नऊ वर्षं बाकी राहिलेला तो दरवाजा घुमायला लागला.

"एकदम हं," धनू म्हणाली. "एक, दोन, तीन."

आम्ही पलीकडे गेलो. पलीकडे नुसती आग. लाल दगड, वरून पडणारे लाव्हाचे धबधबे, कुठे झाड नाही की गवत नाही.

"याच्यासाठी केला का आपण सगळा उपद्व्याप?" धनू म्हणाली आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

"हितं पाणी कुठं हाय?" तात्यांनी विचारलं.

"इथे पाणी टिकतच नाही तात्या. ओतलं की वाफ होते."

"मग काय कामाचं? या माघारी."

हसता हसताच फोनमध्ये गाडीचा हॉर्न वाजला. मग तात्या पुढे वाकून फोनशी बोलले.

"पोरी, नीट जा. पाण्याला भिऊ नगंस. आन् पोचलीस की भनीला कळीव. मनात धरून बसू नगंस, कायबी झालं तरी."

"मी कशाला मनात धरू तात्या?" धनूनं रडक्या आवाजात विचारलं.

"न्हाई, आपलं सांगून ठिवलं."

फोन बंद झाला. मी लॅपटॉप मिटला, तोंड धुतलं आणि चहा ठेवायला उठले. तात्यांच्या खोलीतून काचेवर काच आपटल्याचा आवाज आला. डोकावले तर ते स्टुलावर चढून फडताळाच्या वरच्या कप्प्यातून बाटल्या उतरवत होते.

त्या बाटल्या मला माहीत होत्या. आठ बाटल्या, पाण्यानं भरलेल्या, बुचाला लाख लावलेल्या, वर फडकं झाकलेलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात झाडताना हात लावला तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्याला शिवू नकोस." मला वाटलं गंगाजल असेल.

"हे काय हाय, ठावं हाय का?" तात्यांनी विचारलं.

"गंगाजल?"

ते हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. पुढचे दोन दात नव्हते.

"आक्काच्या हिरीचं पाणी हाय. निंबवाडीचं." ते पलंगावर बसले. "आठ वर्सं झाली. आक्काच्या रानात हीर मीच पाडत हुतो. सख्ख्या भनीची म्हणून टोळी घिऊन म्हैनाभर तिथं ऱ्हायलो. अडतीस फुटावर काळवत्री लागली. चार दिस ठोकलं, पहारी मोडल्या. मी म्हनलो, आक्का, हितं पाणी न्हाई, खाली पाताळापातूर काळवत्री हाय. ती म्हनली, बाबा, अजून जरा खण. मी म्हनलो, तीस वर्सं हिरी पाडतोय, मला शिकवू नगंस. यारी उचलली आन् आलो."

"मग?"

"मग तिनं दुसरा ठेकेदार आणला. एक्केचाळीसला पाणी लागलं. आसलं की चार मोटरी लावल्या तरी हटत न्हाई."

अडतीस आणि एक्केचाळीस. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि दारातच उभी राहिले.

"मला तोंड दावायची लाज वाटली," तात्या म्हणाले. "त्या साली भाऊबीजंला गेलो न्हाई. तर हिनं पोराच्या हातनं ओवाळणीचं ताट धाडलं आन् त्यात ही बाटली. तवापास्नं दर भाऊबीजंला एक. मला वाटायचं, टोमणा मारतीया. मग मीबी हट्टाला पेटलो. तुमच्या लग्नात आली, तरी बोललो न्हाई."

त्यांनी एक बाटली हातात फिरवली. पाणी स्वच्छ होतं, तळाला थोडा गाळ.

"एक सांग," ते म्हणाले. "तुला ठावं हुतं, पाणी काढलं की मरशील. मग माझं ऐकलंस कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"पुन्यांदा ऐकू नगंस. मला तोंडावर सांगत जा. आठ वर्सं मला कुणी सांगितलं न्हाई." मग ते उठले आणि खुंटीवरची टोपी घेतली. "चहा ऱ्हाऊ दे. गाडी काढ. तुला येती न्हवं चालवता?"

निंबवाडीला पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. मांडवाचे खांब उतरवत होते. पाहुणे पांगले होते. संग्रामनं आम्हाला बघितलं आणि त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

गजरा आत्या घरामागच्या विहिरीच्या कठड्यावर बसून पान खात होत्या. पन्नास पावलांवरून त्यांनी भावाला येताना बघितलं आणि तशाच बसून राहिल्या. तात्या समोर जाऊन उभे राहिले. कुणाच्या दारात मान खाली घालून उभा राहणारा तो माणूस नव्हता, पण त्या दिवशी राहिला.

"आक्का."

आत्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जेवणं उरकली."

"जेवाय न्हाई आलो. तहान लागलीया."

"हितं कुठलं पाणी?" आत्या म्हणाल्या. "हितं काळवत्री हाय. खाली पाताळापातूर काळवत्रीच. एका मोठ्या ठेकेदारानं सांगितलंय."

मांडवाचे खांब उतरवणारी माणसंसुद्धा थांबली होती. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"त्यो ठेकेदार येडा हुता आक्का."

आत्या कठड्यावरून उतरल्या, पदर खोचला आणि कळशी उचलली.

"माझ्या भावाला येडा म्हणायचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि कळशी विहिरीत सोडली.